नियम मंजूर, तरी दहा टक्के विनंत्या का अडकतात?

मोबाइल ॲपमागे अनेक छोट्या सेवा चालतात. त्यांची आपसातली ये-जा इस्टिओसारखी सर्व्हिस मेश सांभाळते. नियम कुबरनेटीसमध्ये 'कस्टम रिसोर्स' म्हणून लिहायचे. व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये लिहिलं, ९० टक्के विनंत्या जुन्या आवृत्तीकडे, १० टक्के नव्या. नवी म्हणजे नेमके कोणते पॉड, ते डेस्टिनेशनरूलमध्ये. गोम इथंच आहे. तिथं नवी आवृत्ती नोंदवायची राहिली, तरी कुबरनेटीस पहिला कागद मुकाट्यानं घेतं. ते रकाने तपासतं, दोन कागदांचा मेळ नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, व्हाउचर पास, पण लेजरात खातंच नाही! मग त्या १० टक्क्यांच्या नशिबी ५०३ एरर. म्हणून डेस्टिनेशनरूल आधी लावा, व्हर्च्युअलसर्व्हिस नंतर. काढताना उलटं. आणि त्याआधी 'इस्टिओसीटीएल ॲनालाइझ' चालवा, न जुळणारं नाव ते लगेच दाखवतं.