पोट साफ करण्याआधी पोट भरू या

(श्रावण लागण्याआधी गावच्या रेडिओ केंद्रावरून बचत गटांच्या महिलांसाठी केलेलं भाषण)

आवणी उरकत आली, पाठी अजून सरळ झाल्या नाहीत, आणि आता श्रावण तोंडावर आला. सोमवार, शनिवार, एकादशी, पुढं हरितालिका. उपासांची रांगच लागेल. म्हणून आज बोलायचंय ते ऋतूप्रमाणे खाण्याविषयी, आणि हल्ली ज्याला ‘शरीरशुद्धी’ म्हणतात त्याविषयी. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एक बाई पावडरीचे डबे घेऊन आल्या. गटातल्याच एकीच्या नात्यातल्या, म्हणून मीच त्यांना बोलायला वेळ दिला. त्यांनी सांगितलं, पावसाळ्यात अंगात विष साठतं, त्यानं थकवा येतो, पाय दुखतात, केस गळतात. सात दिवस जेवण बंद ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ही पावडर आणि काढा घ्यायचा, की शरीर आतून स्वच्छ होतं. डबा चौदाशे रुपयांचा. आता थकवा, पायदुखी, केस गळणं हे आमच्यात कुणाला नाही? नऊजणींनी डबे घेतले, त्यातल्या पाचजणींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून. त्या कर्जाच्या ठरावावर माझी सही आहे.

पाचव्या दिवशी आमच्या एक वहिनी खुरपता खुरपता बांधावर कोसळल्या. चार दिवस जुलाब चालू होते, पोटात अन्न नव्हतं. आशाताईंनी आधी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मग उपकेंद्रात नेलं. तिथं रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.९ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ तरी असावं लागतं, आणि ८ च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. म्हणजे वहिनींच्या थकव्याचं कारण विष नव्हतंच, त्यांच्या अंगात रक्तच नव्हतं. आणि आम्ही त्यांना सात दिवस उपाशी ठेवत होतो.

डब्यात काय होतं?

मी घरी येऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. हिरडा, बेहडा, आवळा आणि सोनामुखी. पहिली तीन म्हणजे आपला त्रिफळा. आणि हिरडा तर आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातलाच. उन्हाळ्यात आपणच पहाटे उठून बाळहिरडा गोळा करतो, अंगणात वाळवतो आणि किलोच्या भावानं विकतो. तोच दळून, डब्यात भरून आपल्याच दारात चौदाशेला आला.

सोनामुखी हे रेचक आहे, म्हणजे जुलाब होण्याचं औषध. वैद्य ते गरजेपुरतं, मोजून देतात. रोज घेतलं की जुलाबावाटे पाणी आणि क्षार निघून जातात. वजन काट्यावर दोन किलो कमी दिसतं, अंग हलकं वाटतं, पण जातं ते पाणी. जेवायला लागलं की वजन परत जागेवर.

मग शरीर साफ कोण करतं? यकृत आणि मूत्रपिंडं. ही दोन्ही रात्रंदिवस तेच काम करतात. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून लिटर-दीड लिटर लघवी बनते. त्यांना पावडर नको असते. त्यांना पुरेसं पाणी लागतं आणि वेळेवर जेवण लागतं. आवणीला गेलं की आपण पाणीच पीत नाही, कारण आडोसा नसतो. लघवीची आग, वारंवार होणारा त्रास, यामागं पुष्कळदा हेच कारण असतं. आधी बाटली बांधावर न्या आणि चौघी मिळून आडोसा करा.

शास्त्रात काय सांगितलंय?

त्या बाई सारखं म्हणत होत्या, ‘आयुर्वेदातलं आहे.’ म्हणून मी आमच्या तालुक्यातल्या एका वैद्यबाईंना विचारायला गेले. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते.

आयुर्वेदात ऋतुचर्या आहे, म्हणजे ऋतू बदलला की खाणं-राहणं बदलायचं. पण एकदम नाही. अष्टांगहृदय या ग्रंथात ऋतुसंधी सांगितलीय. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, अशा पंधरवड्यात जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या. शोधनाच्या क्रियाही आहेत, वसंतात वमन, वर्षात बस्ती, शरदात विरेचन. पण त्या वैद्याच्या देखरेखीखाली, माणसाचं बळ बघून करायच्या असतात. अशक्त माणसाला आधी बळ द्यायचं असतं.

आणि हिरड्याविषयी भावप्रकाश या ग्रंथात सरळ सांगितलंय की तो कुणी घेऊ नये: वाट चालून दमलेल्यानं, ज्याच्यात बळ नाही त्यानं, कृश माणसानं, उपासानं खंगलेल्यानं, पित्त वाढलेल्यानं, गरोदर बाईनं आणि ज्याचं रक्त गेलंय त्यानं. वैद्यबाई एकेक सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यापुढं आमचा गट येत होता. डोक्यावर हंडा आणि भारा घेऊन वाट चालणारी, उपास करणारी, पाळीत खूप रक्त जाणारी, कुणी पोटुशी. ज्यांनी घेऊ नये म्हणून सांगितलं, त्यांनाच आम्ही तो डबा दिला होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांमागं सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आहे. म्हणजे वीसजणींचा गट धरला तर दहा-अकराजणी. ज्याच्या ताटात रोज जास्त पडतं त्यानं महिन्यातून एकदा कमी खावं, हे ठीक आहे. आपल्यापैकी बहुतेकींना कमी पडतं. सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची शेवटची अर्धी भाकरी आणि पातेल्याच्या तळाचं कालवण, हे आपलं जेवण. त्यातूनही वजा करायचं म्हटलं तर उरणार काय?

आपल्या सणांतली ऋतुचर्या

खरं तर आपल्याकडं ऋतूप्रमाणे खाणं सणांमध्येच बांधलेलं आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा. उन्हाळ्यात ताक, कैरीचं पन्हं, नाचणीची आंबील. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून आंबील फक्त गारव्यापुरती नाही, हाडांसाठीही आहे. पावसात पचन मंदावतं, पाणी गढूळ येतं, म्हणून हलकं, ताजं, गरम खायचं आणि पाणी खळाखळा उकळून प्यायचं. ऋषिपंचमीला वीस तऱ्हेच्या भाज्या एकत्र. थंडीत भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं आपण म्हणतोच. बघा, यात काढून टाकण्यापेक्षा घालण्याचंच जास्त आहे.

आत्ताच्या दिवसांत तर रान आपल्यासाठी भरलेलं आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळं. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, शहरातल्या बायका रांगा लावून या भाज्या विकत घेतात. आपण मात्र जुडी विकून घरी बटाटा आणतो. विका जरूर, पण एक जुडी घरी ठेवा. काही गोष्टी सांभाळा. जी भाजी ओळखीची नाही ती घेऊ नका, घरातल्या म्हातारीला दाखवा. शेवळं खाजरी असतात, त्यात काकडाची फळं किंवा चिंच घालूनच शिजवा. भारंगी उकडून पाणी पिळून टाका. फवारणी झालेल्या बांधावरचं काही खुडू नका.

रक्तासाठी एक साधी गोष्ट. पालेभाज्या, बाजरी, कडधान्यं यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं. म्हणून वर लिंबू पिळा, आवळा खा, कच्चा टोमॅटो घ्या. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. एक तास जाऊ द्या. थंडीत अळिवाचे लाडू बाळंतिणीलाच का? आपणही खावेत. फक्त गरोदर असेल तर अळीव टाळावेत. आणि नुसत्या गुळाच्या खड्यानं रक्त वाढेल या भरवशावर राहू नका.

उपास करा, पण उपाशी राहू नका

आता उपासाचं. मी स्वतः सोमवार धरते. देवाच्या कामात मी कुणाला नाही म्हणणार नाही. पण उपासाला खायचं काय, हे आपल्या हातात आहे.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावाला, लोह नावाला. पोट जड होतं आणि दोन तासांनी परत गळाल्यासारखं होतं. तो ज्या कंदापासून बनतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा आणि शेंगदाणाही तिकडचेच. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी कधीतरी हे नवे पदार्थ फराळात घेतले. त्यांनी बदल केला तसा आपणही करू शकतो.

असं ताट करून बघा: भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही किंवा ताक. सकाळी निघताना उकडलेलं रताळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. भगर घेताना मात्र जपून. बुरशी लागलेल्या भगरीनं आणि उघड्यावरच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण ऐकल्या आहेत. पाकीटबंद भगर तारीख बघून घ्या, निवडून-धुऊन घ्या, पीठ घरी लागेल तेवढंच दळा, पावसाळ्यात साठवू नका.

निर्जळी उपास गरोदर, अंगावर पाजणारी, साखरेचं किंवा रक्तदाबाचं औषध घेणारी आणि रक्त कमी असलेली, यांनी करू नये. औषध चालू असेल तर कुठल्याही उपासाआधी डॉक्टरांना विचारा. आणि उपासाच्या दिवशी घरातली कामं तेवढीच ठेवायची, हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. त्या दिवशी दुपारी अर्धा तास आडवं व्हा. अंग स्वच्छ व्हायला झोपही लागते.

आमच्या गटानं काय ठरवलं

वहिनींना पुढं तालुक्याच्या रुग्णालयात पाठवलं, उपचार झाले, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं. अजून पुरतं नाही, पण आता बांधावरून हाका मारतात, आधी आवाज निघत नव्हता.

पावडरीचे पैसे परत मिळाले नाहीत. त्या पाचजणी हप्ता अजून फेडतायत. मी बैठकीत उभी राहून माफी मागितली आणि आम्ही काही गोष्टी ठरावाच्या वहीत लिहिल्या. बैठकीत औषध, पावडर, काढा कुणीही विकायचा नाही, नात्यातला असला तरी. अंतर्गत कर्ज दवाखान्यासाठी द्यायचं, डब्यासाठी नाही. श्रावणाआधी आणि संक्रांतीआधी सगळ्यांनी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासायचं. तिथं तपासणीला आणि लोहाच्या गोळ्यांना पैसे पडत नाहीत. आणि शेवटचं लिहिलं ते असं, की रात्री सगळ्यांबरोबर एकाच पंगतीला बसायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. पहिल्या महिन्यात वीसपैकी सहाजणींना जमलं. एका काकूंच्या सासूबाईंनी टोमणा मारला, तर काकू म्हणाल्या, ‘आत्या, तुम्हीही बसा, गरम आहे तोवर.’ आता दोघी बरोबर बसतात.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. आपला आकडा माहीत करून घ्या. मुलाच्या शाळेची फी पाठ असते, म्हशीचं दूध किती लिटर ते पाठ असतं, तसं आपलं हिमोग्लोबिनही पाठ असू द्या. पुढच्या बैठकीत हजेरीच्या वहीत नावापुढं तो लिहा. लवकर दम लागत असेल, चक्कर येत असेल, पाळीत खूप जात असेल, तर वाट बघू नका, आशाताईंना सांगा.

आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी माझ्या घरी राजगिऱ्याची भाकरी असेल. तुमच्याकडं काय केलंत, ते केंद्रावर कळवा.