नेमो नांदेडला येण्याआधी

'फाइंडिंग नेमो' हा २००३ चा पिक्चर आमच्या विंगमध्ये बहुतेकांनी पाहिलाय. त्यामुळे खाऱ्या पाण्याचा छोटा टँक ठेवायचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला : "मासा कधी आणायचा?" उत्तर ऐकून सगळे नाराज होतात. निदान महिनाभर नाही! तोपर्यंत मासे नव्हे, पाणी पाळायचं असतं. आणि पाणी सांभाळणं म्हणजे काय, हे मी मूळचा लातूरचा असल्यामुळे मला कुणी शिकवायला नको.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच असा टँक धरू. वरची मोकळी जागा आणि दगड-वाळू वजा जाता त्यात साधारण ५० लिटर पाणी बसतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आपल्याला पावणेदोन किलो मीठ लागेल. पण मेसमधलं मीठ नाही हं! ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं, म्हणून 'मरीन सॉल्ट'चंच पाकीट घ्यायचं. ते वेगळ्या बादलीत, पंप लावून, एक दिवस ढवळत ठेवायचं आणि हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा आला की टँकमध्ये ओतायचं.

पाणी कुठलं? बोअरचं नको. त्यातला जडपणा, कधी नायट्रेट, सगळं टँकमध्ये साठत जातं. आरओचं घ्या, पण घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळणारा कंट्रोलर असतो, तो बंद करून. आता खरी अडचण. असं मशीन एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. टँकला आठवड्याला १२ लिटर लागलं, तर दोन बादल्यांच्या आसपास पाणी नळीतून वाहून जाणार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर. तेव्हा आमच्याकडे घागरी मोजल्या जायच्या. त्या उन्हाळ्यात कुणी टँकचं नाव काढलं असतं, तर घरच्यांनी त्यालाच बाहेर काढलं असतं! माझं स्पष्ट मत आहे, ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरायची तयारी नसेल, तर हा नाद करूच नये.

आता महिनाभर कशासाठी थांबायचं, ते बघू. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, आणि तो माशालाच विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही वाईटच), आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं चालतं, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू दगडावर, वाळूत, फिल्टरमध्ये वस्ती करतात, पण वाढतात सावकाश. म्हणून रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजतं, अमोनिया तयार होतो, जीवाणूंना जेवण मिळतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं. खाद्य टाकत असूनही दोन्ही शून्यावर टिकले, म्हणजे टँक तयार. चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर एक मासा, आणि काही आठवड्यांनी दुसरा. ५० लिटरला क्लाउनफिशची जोडी पुष्कळ झाली. पिंजऱ्यात, म्हणजे हॅचरीत वाढवलेलेच मागा. सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास करून दाखवली आहे.

नांदेडच्या मे महिन्याचं काय? इथे थर्मोडायनॅमिक्स कामाला येतं (परीक्षेत नाही आलं तरी). पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवन वाढतं. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि ५० लिटर पाणी एक अंश थंड करायला फक्त २१० लागतात. खोलीची उष्णता परत आत येत राहते, म्हणून अकरा अंश उतरत नाही, पण दोन-तीन अंश नक्की उतरतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे ही युक्ती मुंबईपेक्षा इथे छान चालते!

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज एक लिटर गेलं तर पाच दिवसांत ३५ चे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच घालायची, खाऱ्या नाही. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच, कारण ३० अंशाला खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो.

आणि कोरल? कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातला तुकडा, मेलेला असला तरी, घरात ठेवणं गुन्हा आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो, तेव्हा सिरॅमिकचे तुकडे वापरा. जीवाणूंना त्यात फरक कळत नाही. प्रवाळ बघायचेच असतील तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात ते आहेत, आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

राहिला दिवाळीच्या सुट्टीचा प्रश्न. मासा चार दिवस उपाशी राहू शकतो, पाण्याची पातळी मात्र थांबत नाही. टँकच्या काचेवर स्केचपेनने रेघ मारा, बाजूला आरओचा कॅन भरून ठेवा आणि मेसच्या मामांना एवढंच सांगा : रेघेपर्यंत पाणी, आणि खायला काही नाही. पोळीचा तुकडासुद्धा नाही, मामा!