परदेशातील एक सत्र : कोणासाठी आणि कशासाठी?

पदवी-अभ्यासक्रमातील एक सत्र परदेशात घालवावे आणि तेथील गुण मायदेशीच्या पदवीत जमा व्हावेत, ही प्रथा अमेरिकेत आता चांगलीच रुजली आहे. तिचा आरंभ १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला धाडून केला. परंतु तिला स्थैर्य देण्यात कॅथलिक विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाने फादर जॉन फेलिस यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये रोम येथे स्वतःचे केंद्र उघडले. दुसऱ्याच वर्षी गोंझागा विद्यापीठ फ्लॉरेन्सला पोचले आणि १९६४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे कार्यक्रम सुरू केला. दुसरी व्हॅटिकन परिषदही १९६२ मध्येच भरली. चर्च जगाकडे नव्या दृष्टीने पाहू लागले, त्याच सुमारास त्याची विद्यापीठेही घराबाहेर पडली.

ज्यांच्या धर्मसंघांच्या शाखा देशोदेशी आहेत, त्यांना परदेशात बिऱ्हाड थाटणे इतरांहून सोपे जावे, हे स्वाभाविकच होय. पण या परंपरेचे एक अंग सहसा विस्मरणात जाते. इग्नेशियस लॉयोला यांनी १५५१ मध्ये रोममध्ये जे विद्यालय स्थापन केले, तेथे विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नसे. आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचे विद्यार्थी रोमला जातात ते अमेरिकन दराचे शुल्क भरून. काळ बदलला, विद्यापीठ चालविण्याचा खर्च वाढला, हे मान्य केले तरी या विसंगतीमागचे अर्थशास्त्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अनेक अमेरिकन विद्यापीठांत, मग ती कॅथलिक असोत वा नसोत, परदेशी सत्रासाठीही विद्यार्थ्याने मायदेशीचेच शुल्क भरावयाचे असते. यजमान देशातील शिक्षण स्वस्त असले तरी त्याचा लाभ विद्यार्थ्याच्या पदरात पडतोच असे नाही. याचे समर्थन असे केले जाते की, शुल्क एकच ठेवल्याने शिष्यवृत्ती आणि सरकारी साह्य विद्यार्थ्याबरोबर परदेशी जाऊ शकते. या युक्तिवादात तथ्य आहे. पण ते अर्धेच. विमानभाडे, व्हिसा आणि वरखर्च यांचा भार निराळाच असतो. शिवाय जो विद्यार्थी संध्याकाळी नोकरी करून शिकतो, त्याची चार महिन्यांची मिळकत बुडते. संधीचे हे मूल्य कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते आणि गरीब विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. गरजू विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन काँग्रेसला २००० साली गिलमन शिष्यवृत्ती निर्माण करावी लागली, ती याच कारणाने. पुढे २००७ मध्ये तर, कार्यक्रम चालविणाऱ्या संस्था विद्यापीठांना सवलती आणि अन्य लाभ देतात काय, याची चौकशी न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी आरंभिली. जेथे विद्यार्थी हा गिऱ्हाईक होतो, तेथे दलालीचा संशय फार काळ दूर राहत नाही.

युरोपने निराळा मार्ग धरला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत यजमान विद्यापीठ पाहुण्या विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. वर राहणीखर्चाला अनुदान मिळते. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थ्यांनी लाभ घेतलेल्या या योजनेचे लाभार्थी पुढे लक्षावधींवर गेले. तेथेही सधन घरांतील मुले अधिक जातात. तथापि शुल्काची भिंत तरी उभी नाही.

खर्चाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो प्रयोजनाचा. स्वदेशीयांबरोबर राहावयाचे, इंग्रजीतूनच व्याख्याने ऐकावयाची आणि शनिवार-रविवार शेजारचे देश पाहावयाचे, अशा सत्रात विद्यार्थी परदेशात असतो, पण परदेश त्याच्यात उतरत नाही. या संदर्भात थॉमस स्टीफन्सचे उदाहरण मराठी वाचकाला आठवावे. रोममध्ये जेझुइट संघात दाखल झालेला हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला, येथील लोकांची भाषा शिकला आणि त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. परंतु परक्या भूमीत शिरण्याचे दार भाषेचे असते, हे त्याने ओळखले होते. चार महिन्यांत कोणी महाकाव्य लिहावे, अशी अपेक्षा नाही. बाजारात दोन वाक्ये बोलता यावीत, एवढी अपेक्षा मात्र गैर नव्हे.

कॅथलिक विद्यापीठांनीच याला उत्तरही शोधले होते. श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा पुरस्कार यांची सांगड जेझुइट संघाच्या महासभेने १९७५ मध्ये घातली. एल साल्वाडोरमधील मध्य अमेरिकन विद्यापीठात या भूमिकेची किंमत सहा जेझुइटांनी, तसेच तेथील एका गृहसेविकेने आणि तिच्या मुलीने नोव्हेंबर १९८९ मध्ये प्राण देऊन चुकविली. त्याच विद्यापीठाच्या सहकार्याने सँटा क्लारा विद्यापीठाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या सत्रात अमेरिकन विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस वर्गात, तर काही दिवस गरीब वस्त्यांत घालवीत. तेथील दारिद्र्य हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता.

भारतात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील बहुसंख्य पूर्ण पदवीसाठी गेलेले. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी, जोड-कार्यक्रमात ३० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविण्याची वाट मोकळी केली आहे. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू घरांतील मुले ती वाट चोखाळतील, यात शंका नाही. प्रश्न आहे तो लातूर वा गडचिरोलीच्या महाविद्यालयातील हुशार मुलीचा. शुल्काची परस्पर माफी, प्रवासखर्चासाठी स्वतंत्र निधी आणि यजमान देशाच्या भाषेचा पूर्वाभ्यास या तीन अटी करारातच घातल्या, तर हे दार तिलाही उघडेल. नाहीतर परदेशातील सत्र हे ज्यांच्याकडे आधीच सारे आहे, त्यांच्या गुणपत्रिकेवरील आणखी एक अलंकार ठरेल, आणि त्याचा खर्च मात्र शिक्षणाच्या नावे लिहिला जाईल.