खारे वारे, मतलई वारे आणि भाच्याचे जाकीट

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुबईहून एक फोटो आला. मागे दूरवर बुर्ज अल अरब आणि पुढे ओल्या अंगाने उभा असलेला माझा भाचा. एका हातात फळी, पायाशी वाळूवर निळा पतंग आणि अंगात काळे, घट्ट, बिनबाह्यांचे जाकीट. कुणी माशाअल्लाह लिहिले, कुणी अंगठा दाखवला. आपाने, म्हणजे त्याच्या अम्मीने, रत्नागिरीहून एवढेच विचारले, "हे जाकीट तरंगतं का?"

त्याने हसरा चेहरा पाठवला. तीन आठवड्यांनी रात्री मला त्याचा फोन आला. "मामू, अम्मीला सांगू नका," अशी सुरुवात होती.

दुबईतल्या त्या किनाऱ्याचे नावच काइट बीच आहे. आपल्या कोकणातली कितीतरी मुले नोकरीनिमित्त त्या शहरात आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तिथे फिरायला जातात. आकाशात मोठमोठे पतंग दिसतात आणि त्यांच्या दोऱ्यांना बांधलेली माणसे फळीवर उभी राहून पाणी कापत जातात. याला काइटबोर्डिंग म्हणतात. पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा नसतो. नऊ-बारा चौरस मीटरचे कापड असते आणि पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी, म्हणून तो पाण्यावर पडला तरी बुडत नाही. दोऱ्या साधारण वीस ते चोवीस मीटर लांब. त्या हातातल्या आडव्या दांड्याला जोडलेल्या असतात, त्याला बार म्हणतात. पतंगाची खरी ओढ मात्र कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवलेली असते. थोडक्यात, माणूस वाऱ्याला कमरेने बांधलेला असतो. म्हणून सुटका कशी करायची हे आधी शिकायचे, उडायचे नंतर.

भाच्याने सामान एका ओळखीच्या माणसाकडून जुने घेतले होते आणि चार दिवस त्याच्याकडूनच शिकला होता. त्या दिवशी दुपारी वारा छान होता. मावळतीला बाकीचे लोक पतंग गुंडाळू लागले, हा म्हणाला अजून एक फेरी. किनाऱ्यापासून बराच आत गेल्यावर वारा पडला. पतंग पाण्यात आला. काही वेळाने वारा पुन्हा सुटला, पण उलट्या दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे.

शाळेत भूगोलात आपण सगळ्यांनी हे पाठ केले आहे. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दोन गुणांचा प्रश्न. आमच्या अब्बांना मात्र हे परीक्षेसाठी शिकावे लागले नव्हते. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत, हे त्यांनी लहानपणी रोज पाहिलेले. त्यांचा नातू इंजिनिअर आहे, पण मतलई सुटल्यावर तो समुद्रात होता.

काइटबोर्डिंगमध्ये किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा सगळ्यात वाईट समजतात. काही बिघडले की तो माणसाला आत आत नेतो. दुबईचा किनारा साधारण वायव्येकडे तोंड करून आहे आणि दुपारचा वारा तिकडूनच येतो, म्हणजे पडलात तरी वाऱ्याने किनाऱ्यालाच लागता. गोव्यात मोरजी-मांद्रेच्या बाजूलाही हंगामात दुपारनंतरच पतंग निघतात, ते याच कारणाने. सकाळी किंवा अंधार पडताना हिशोब उलटा होतो.

आता आपाचा प्रश्न. जाकीट तरंगते का? याचे उत्तर मला तेव्हा देता आले नसते. नंतर शोधून काढले, आणि वाटले की हे फार लोकांना ठाऊक नसावे.

काइटबोर्डिंगवाले बहुधा जे घालतात त्याला इम्पॅक्ट व्हेस्ट म्हणतात. त्यातला फोम मार बसू नये म्हणून असतो. उंचावरून पाठीवर आपटले किंवा फळी बरगडीत लागली तर तो उपयोगी पडतो. थोडे तरंगायला मदत होते, पण पुष्कळशा व्हेस्टना तरंगण्याचे प्रमाणपत्रच नसते. प्रमाणपत्र असलेल्या जाकिटांवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा उचल. 50 न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसासाठी असते, कारण बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर फिरवत नाही. ते काम खुल्या समुद्रासाठी बनवलेल्या 150 न्यूटनच्या जाकिटाचे.

मग सगळे 150 चेच का घालत नाहीत? कारण ते पुढून जाड असते, हार्नेसचा हुक झाकते आणि पडल्यावर पुन्हा फळीवर चढू देत नाही. पाणी लागताच आपोआप फुगणारे जाकीट इथे पहिल्याच पडण्यात फुगेल. म्हणून या खेळासाठी कमरेपाशी आखूड कापलेली 50 न्यूटनची जाकिटे निघाली आहेत, ती हार्नेसच्या वर बसतात. माझे मत विचाराल तर शिकाऊ मुलाने हेच घ्यावे, इम्पॅक्ट व्हेस्ट नव्हे. पतंगवाले म्हणतील ते जरा ढगळ दिसते. दिसू दे.

जाकीट किती फरक करते याचा एक जुना दाखला आहे. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाजवळ फेब्रुवारी 1861 मध्ये मोठे वादळ झाले. गावची बचाव-होडी एकाच दिवशी पुन्हा पुन्हा बाहेर पडून बुडणाऱ्या जहाजांवरची माणसे आणत होती. शेवटी ती उलटली. तेरा जणांपैकी बारा गेले. जगला तो हेन्री फ्रीमन. कॅप्टन वॉर्ड यांनी 1854 मध्ये तयार केलेले कॉर्कचे नव्या धाटणीचे जाकीट त्या दिवशी एकट्या त्याच्याच अंगात होते.

पण पतंगाला बांधलेल्या माणसाला नुसते जाकीट पुरत नाही. तरंगणाऱ्या माणसाला पतंग ओढत नेऊ शकतो. त्यासाठी हुकापाशी क्विक रिलीज असते, बहुधा लाल रंगाचे. सुटकेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, बार सोडून द्यायचा. तो दूर सरकला की पतंगाची ताकद बरीच उतरते. दुसरी, क्विक रिलीज पुढे ढकलायचे. मग पतंग एकाच दोरीवर लोंबकळत पाण्यात पडतो. तरीही ओढत असेल तर तिसरी, ती शेवटची दोरीही सोडून पतंगाला सलाम करायचा. ऐकायला सोपे वाटते. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. बार ओढला की पतंगाची ताकद वाढते. जीव वाचवणारी सवय इथे नेमकी उलटी असते, आणि ती अंगात भिनवावी लागते.

जाकीट विकत घेताना म्हणून हे पाहायचे: ते घालून, हार्नेस बांधून, खाली न बघता हात क्विक रिलीजवर जातो का? वर सरकलेले जाकीट तेच झाकत असेल तर ते जाकीट नको. जुने क्विक रिलीज वाळू आणि मिठाने अडकते, दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे लागते. अंगावर आकड्याच्या आकाराची छोटी सुरी हवी, दोरी पायाला गुंडाळली तर कापायला. शिट्टी हवी, हेल्मेट हवे. फळी पायाला दोरीने बांधू नये. ती उसळून डोक्यात बसते.

अंगभर कपड्यांची अडचण नाही, हेही सांगून ठेवतो, कारण घरातल्या मुली विचारतात. उन्हामुळे या खेळात बरेच स्त्री-पुरुष मनगटापासून घोट्यापर्यंत झाकूनच उतरतात. फक्त कपडा अंगालगत हवा, सैल टोक दोरीत जाऊ नये.

पतंगाच्या वाटेला आपल्यातले थोडेच जातील, पण लाँचमध्ये सगळेच बसतो. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. धडक बसल्यावर जाकिटांसाठी धावाधाव झाल्याचे बचावलेल्या प्रवाशांनी सांगितले. लाँचमध्ये जाकीट बुरख्यावरूनच घालावे, ओढणीची टोके आत खोचावीत आणि सगळे पट्टे आवळावेत. लहान मुलाचे जाकीट खांद्याला धरून वर उचलून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर मूल पाण्यात त्यातून निसटेल. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावल्याशिवाय बोट सुटू देऊ नये.

भाचा वाचला, अलहम्दुलिल्लाह. एक गोष्ट त्याने बरोबर केली: पतंग सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटला नाही. दोऱ्या बारवर गुंडाळत गुंडाळत पतंगापर्यंत गेला आणि त्या फुगलेल्या नळीवर आडवा पडला. अंधारात काळे जाकीट कोणाला दिसणार! निळ्या कापडाचा मोठा तुकडा दिसला. जेट-स्की घेऊन परतणाऱ्या एका माणसाने त्याला किनाऱ्यावर आणले. शिट्टी नव्हती, सोबतीला कोणी नव्हते, आणि किनाऱ्यावर कोणाला सांगूनही गेला नव्हता.

मी आपाला सांगितलेच. ती ओरडली नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि मग तिने अटी घातल्या. रीतसर प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाकडे पहिल्यापासून शिकायचे, जाकीट भडक रंगाचे आणि आकडा छापलेले घ्यायचे, मगरिबच्या तासभर आधी पाण्याबाहेर.

नवे सामान आले त्या रात्री व्हिडिओ कॉल झाला. भाचा फ्लॅटच्या हॉलमध्ये नारिंगी जाकीट आणि हार्नेस घालून उभा, बार दाराच्या कडीला अडकवलेला. आपाने त्याला डोळे मिटायला लावले. "सोड," ती म्हणाली. त्याचा हात आधी जाकिटाच्या बक्कलवर गेला, मग क्विक रिलीजवर.

"पुन्हा कर," आपा म्हणाली.