प्लेटलेट्स कमी आहेत, मग बाटली लावायची का?

'प्लेटलेट्स' हा शब्द होस्टेलमध्ये कुणाला शिकवावा लागत नाही. पावसाळा सरता सरता डेंग्यू येतो, कुणाचा तरी आकडा खाली जातो आणि मेसच्या बोर्डावर 'डोनर हवेत' अशी चिठ्ठी लागते. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक सोपं समीकरण बसलंय : आकडा कमी, म्हणजे बाटली लावा! पण लिव्हरच्या जुन्या आजारात हे समीकरण बरेचदा लागू पडत नाही. माझ्या मोठ्या काकांच्या आजारपणात मला हे समजून घ्यावं लागलं. जेवढं समजलं तेवढं सोप्या भाषेत मांडते.

काकांना सिरॉसिस आहे, तोही हेपेटायटीस बी मुळे. (दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाला 'किती घ्यायचे?' असं विचारणारे नातेवाईक भेटतात, तो वेगळ्या लेखाचा विषय!) निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. काकांच्या होत्या ४२ हजार.

त्या जातात कुठे? पहिलं कारण शुद्ध हायड्रॉलिक्सचं आहे. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, त्यातून रक्त सहज वाहत नाही आणि मागच्या पोर्टल शिरेत दाब वाढतो. त्या दाबाने प्लीहा फुगते. (कॉन्व्हेंटमध्ये मी 'स्प्लीन' शिकले, आजी तिला 'पाणथरी' म्हणते.) एरवीही शरीरातल्या एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत असतात, ती फुगली की कितीतरी जास्त तिथेच अडकतात. दुसरं कारण उत्पादनाचं. अस्थिमज्जेला 'प्लेटलेट्स बनव' असा निरोप देणारं थ्रोम्बोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः यकृतातच तयार होतं. यकृतच थकलं तर निरोप कोण देणार? म्हणजे गोदामात माल अडकलाय आणि कारखान्याला ऑर्डरही कमी जातेय!

आता बाटलीचा विचार करा. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सचा बराच भाग त्याच फुगलेल्या प्लीहेत जातो, म्हणून आकडा अपेक्षेइतका चढत नाही आणि चढला तरी फार टिकत नाही. शिवाय ताप, ॲलर्जी हे धोके आहेत. वारंवार दिल्यास शरीर परक्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं, मग खरी गरज पडेल तेव्हा बाटलीचा उपयोगच होत नाही.

आणि मुळात ४२ हजार म्हणजे रक्त थांबणारच नाही का? इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, तसे गोठू न देणारेही बनवतं. आजारात दोन्ही कमी होतात. शिवाय प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड नावाचा घटक रक्तात वाढतो, तो थोडीफार भरपाई करतो. म्हणजे तराजू बऱ्यापैकी समतोल राहतो. फक्त तो नाजूक असतो, कुठल्याही बाजूला कलू शकतो. अशा रुग्णांना रक्तस्राव होतो, तशी पोर्टल शिरेत गुठळीही होते. आकडा तराजूचं एकच पारडं दाखवतो!

म्हणून खरा प्रश्न 'आकडा किती?' एवढाच नसून 'करायचं काय आहे?' हा आहे. काकांच्या पोटातलं पाणी काढायचं होतं तेव्हा माझ्या चार मैत्रिणी प्लेटलेट्स द्यायला तयार बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. घरी सगळे घाबरले. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ११०० टॅपिंगमध्ये मोठा रक्तस्राव झाला नव्हता, आणि काही रुग्णांच्या प्लेटलेट्स १९ हजारांपर्यंत खाली होत्या. अशा कमी धोक्याच्या कामाआधी सरसकट बाटली लावू नये, असंच आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काकांचं टॅपिंग बाटलीविना नीट पार पडलं.

पुढे यकृतात एक गाठ सापडली. ती सुई घालून जाळायची होती. हे काम धोक्याचं, आत रक्त सुटलं तर बाहेरून दाबून थांबवता येत नाही. अशा वेळी ५० हजारांची रेषा बरेच डॉक्टर पाळतात. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तारीख दिली अकराव्या दिवसाची. काकू रडकुंडीला आल्या, 'गाठ आहे आणि हे थांबायला सांगतात?'

थांबायचं कारण असं. ॲव्हाट्रॉम्बोपॅग आणि लुसुट्रॉम्बोपॅग या गोळ्या थ्रोम्बोपोएटिनच्या जागी मज्जेला निरोप देतात. अमेरिकेत दोन्हींना २०१८ साली मान्यता मिळाली. निरोप मिळाल्यावर माल तयार व्हायला वेळ लागतो. ॲव्हाट्रॉम्बोपॅग सुरू केल्यापासून तीन ते पाच दिवसांत आकडा चढू लागतो, दहा ते तेरा दिवसांत शिखर गाठतो आणि पाचेक आठवड्यांत पूर्ववत होतो. ४० हजारांखालच्या रुग्णांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना बाटली लागली नाही. नकली गोळीवाल्यांत हे प्रमाण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी होतं. मात्र या चाचण्यांनी मोजलं ते 'बाटली टळली का', 'रक्तस्राव कमी झाला का' हे नव्हे. हा फरक इंजिनिअरने तरी विसरू नये!

आणि जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. एल्ट्रॉम्बोपॅग या आधीच्या औषधाची अशीच चाचणी पोर्टल शिरेत गुठळ्या दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. म्हणूनच काकांच्या पोर्टल शिरेचा डॉपलर आधी केला. अकराव्या दिवशी आकडा ७८ हजार होता. काम झालं. काका आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, घरी कुणाला असा आजार असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. कामात धोका किती? प्लेटलेट्स वाढवायची खरंच गरज आहे का? असेल तर गोळ्यांसाठी आठ-दहा दिवस हाताशी आहेत का? आणि मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका, त्यातल्या कित्येक प्लेटलेट्सचं काम बिघडवतात, किडनीलाही त्रास देतात.

मेसच्या बोर्डावर चिठ्ठी लागली की प्लेटलेट्स द्यायला मात्र जरूर जा. त्या पाचेक दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून तर ज्याला खरी गरज आहे त्यालाच त्या मिळायला हव्यात!

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन