दुधातील मित्र व वैरी

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून गृहिणी भांडे झाकून ठेवते आणि सकाळी त्याचे घट्ट दही झालेले असते. हे काम डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचे होय, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ते दुधातील साखरेचे आम्ल करतात व त्यामुळे दूध विरजते. परंतु दुधात जंतू नाना जातींचे असतात. त्यांतील मित्र कोणता व वैरी कोणता, हे विद्वानांनी ओळखले कसे?

केवळ सूक्ष्मदर्शक यंत्राने हे कोडे सुटेना. दुधातील कित्येक गोल जंतू मण्यांच्या माळेसारखे एकमेकांस चिकटलेले दिसतात. त्या सर्वांस 'स्ट्रेप्टोकॉकस' हे एकच नाव होते. दूध विरजविणारा त्याच नावाचा आणि घसा सुजवून प्राणावर बेतणाराही त्याच नावाचा! विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कच्च्या दुधावाटे घशाच्या साथी पसरून माणसे दगावली. तेव्हा ही निवड म्हणजे नुसता पंडितांचा खेळ नव्हता.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्ला-येन्सेन यांनी १९१९ साली दूध आंबविणाऱ्या जंतूंची पद्धतशीर वर्गवारी प्रसिद्ध केली. जंतू दिसतो कसा एवढेच न पाहता तो किती उष्णतेत वाढतो, कोणती साखर आंबवितो व तिचे काय करतो, हे त्यांनी तपासले. पुढे १९३७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स शर्मन यांनी माळेच्या जंतूंचे चार गट पाडले. त्यांच्या कसोट्यांपैकी एक अगदी साधी आहे. १० अंश सेल्सियसच्या थंडीत वाढतो, पण ४५ अंशांवर वाढत नाही, तो दुग्धगट. थंडीत न वाढता ४५ अंशांवर वाढतो, तो दुसरा गट. दह्यातील 'थर्मोफिलस' हा त्यांतलाच. दोन्ही ठिकाणी वाढतो, तो आतड्यांतील गट. आणि दोन्ही ठिकाणी वाढत नाही, तो पू व घशाचे रोग उत्पन्न करणारा गट.

पुढे जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊ लागली. तेव्हा आतड्यांतील गटास १९८४ साली व दुग्धगटास १९८५ साली स्वतंत्र कूळ मिळाले. दुग्धगटाचे नाव 'लॅक्टोकॉकस' झाले. थर्मोफिलस मात्र अद्याप स्ट्रेप्टोकॉकसच म्हणविला जातो, तरीही तो आपला मित्रच आहे.

यातून घरासाठी बोध एवढाच. जे भेद ओळखावयास प्रयोगशाळेला इतके श्रम पडले, ते आपल्या डोळ्यांस व जिभेस कसे कळावेत? दूध ताजे व गोड लागले म्हणजे निर्धोक झाले असे नव्हे. म्हणून विरजण लावण्यापूर्वी दूध चांगले उकळावे, कोमट होईपर्यंत झाकून ठेवावे, आणि मगच स्वच्छ चमच्याने चांगल्या दह्याचे विरजण घालावे. उकळल्याने रोगाचे जंतू मरतात आणि विरजणाने आपल्या ओळखीचे तेवढे दुधात येतात. लेकरांच्या वाटीत दही वाढणाऱ्या प्रत्येक मातेने एवढे अवश्य ध्यानी ठेवावे.