बोराटी कुणी पाहिली?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण गोळी लागून मेली. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वाहिन्या बोराटी, बोराटी करत होत्या. पण बोराटी म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. बोराटी म्हणजे बोरीचं काटेरी झुडूप. शेताच्या कुंपणाला लावतात ना, तेच.

एकदा जवळून बघा, पण जपून. काटे जोडीनं असतात. एक सुईसारखा सरळ, दुसरा मागे वळलेला, आकड्यासारखा. सरळ काटा टोचला की आपण हात मागे ओढतो आणि ओढताना आकडा बाही धरतो! बोरं पिकली की कोल्हा आणि अस्वल येतात, फळं खातात, आठळ्या विष्ठेतून दूरवर टाकतात. बोराटी जागची न हलता गाव बदलते ती अशी.

नागपूरहून टिपेश्वर अभयारण्यात वाघ बघायला निघालेली गाडी मात्र वर्धा नदी ओलांडून वडकीवरून पांढरकवड्याकडे सुसाट जाते. म्हणजे राळेगाव तालुका खिडकीतूनच संपतो. वाघ दिसला तर सहल वसूल, नाही तर परतीच्या वाटेवर सगळे गप्प. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच भागात पानं झडलेला पळस पेटलेला असतो. त्याचा फोटो काढायलाही गाडी थांबते, नाही असं नाही. पण फोटोत पळसाची खरी गंमत येतच नाही.

ती बघायला एक फूल हातात घ्या. खाली काळपट मखमली पेला, वर पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ चोचीच्या आत पुंकेसर दडलेले असतात. जांभळा शिंजीर मधासाठी फुलात डोकं घालतो, चोच दबून उघडते आणि त्याच्या अंगाला पराग माखतो. पुढच्या फुलापर्यंत तो पराग आपोआप पोचतो. या फुलाला वास जवळजवळ नाहीच. रंग बघून येणाऱ्या पाखराला वासाचं काय?

आणि ‘पळसाला पाने तीनच’ म्हणतो आपण. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणेल, तीन कुठली, ते एकच पान, त्याची तीन दलं! म्हण चुकली म्हणून कुणी सोडणार नाही. सोडूही नये. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी याच पानानं बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात. वर्षभर जू वाहून राठ झालेला तो खांदा असतो. मग बैलालाच उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं जातं. कापसाच्या या मुलखात पळस असा घरातला आहे.

पळसाचं दुकान दिवसा चालतं, मोहाचं रात्री. पळस ओसरत आला की मोह फुलतो. फूल फिकट, रंगात काही नाही, पण वास असा की अंधारात वाट सापडावी. गिऱ्हाईक म्हणजे वटवाघळं. पहाटे झाडाखाली जो सडा पडतो, त्याला आपण फुलं म्हणतो. खरं तर ती गोड, मांसल पाकळ्यांची नुसती टोपी असते. बीजकोश वरच, फांदीवर राहतो आणि त्याचीच पुढे टोळ होते, जिच्या बियांचं तेल काढतात. म्हणजे वेचणाऱ्या बाईनं टोपली भरली तरी झाडाची टोळ शाबूत. इतका चोख व्यवहार माणसांतही क्वचितच दिसतो.

मला वाटतं, या भागातल्या निसर्गसहलीत जीपच्या एका फेरीऐवजी मोहाखालची एक पहाट ठेवावी. सोबत गाईड गावचाच असावा. कोलाम किंवा गोंड घरातल्या आजीनं मोहाची ही गोष्ट सांगितली तर आणखी बरं, आणि त्याचे पैसे तिला रीतसर मिळावेत. वेळ मात्र पाळावी लागेल, कारण त्या सड्यावर अस्वलाचाही हक्क आहे. अंधारात एकटं जायचं नाही, आवाज करत जायचं, हे वेचणाऱ्या बायका सांगतीलच. मग फटफटेपर्यंत बसून राहायचं. थोड्या थोड्या वेळानं वाळक्या पाचोळ्यावर एक टोपी पडते. टप्. पाहुणे आधी दचकून मागे बघतात. मग पुढची कधी पडते, याची वाट बघू लागतात.